सिलिॲक आणि इटालियन हॉटेल: पास्त्याच्या पाण्याचं काय करायचं?

माडाची_सावली
मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आम्ही कुडाळचे. मुलगी सोळाची. दोन वर्षांपूर्वी तिला सिलिॲक निघाला, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन नावाचं प्रथिन आतड्याला बाधतं तो आजार. त्याआधी दीड वर्ष हिमोग्लोबिन आठाच्या वर सरकत नव्हतं. लोहाच्या गोळ्या, बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे, सगळं करून झालं. उंची एका जागी थांबलेली. पोटाची तक्रार म्हणाल तर जवळजवळ नाहीच, त्यामुळे पोटाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. शेवटी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी टीटीजी नावाची रक्ततपासणी करायला लावली, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला आणि निदान पक्कं झालं. तेव्हापासून गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, युरोपातलं ते धान्य) बंद. राय आपल्याकडे कोण खातंय म्हणा.

एक बरं, आपण भातवाले. घावणे, तांदळाची भाकरी, पेज. पोळी गेल्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. जीव अडकलाय तो पिझ्झा-पास्त्यात.

गेल्या डिसेंबरात उत्तर गोव्यातल्या एका हॉटेलात गेलो होतो. मेनूत पास्त्यासमोर हिरव्या पानाचं चित्र आणि 'ग्लूटेन फ्री' असं लिहिलेलं. मी तीनतीनदा विचारलं. वेटर म्हणाला, "शंभर टक्के, मॅडम." पोर इतकी खूश की मी पण निर्धास्त झाले. परतताना पत्रादेवीच्या नाक्यापर्यंत ठीक होतं, बांद्याला गाडी थांबवावी लागली. कुडाळ येईपर्यंत चार उलट्या. दुसऱ्या दिवशी फोन केला तर पलीकडून अगदी शांतपणे उत्तर आलं, "पास्ता वेगळाच होता, मॅडम. पाणी तेच असतं."

त्याआधी एका ठिकाणी तर, "आमचा पास्ता मैद्याचा नाहीच, रव्याचा आहे, एकदम हेल्दी," असं ऐकून उठून आलो होतो.

आता पुढच्या महिन्यात तिच्या मावसबहिणीचा पंचविसावा वाढदिवस आहे. मोरजीकडचं एक इटालियन हॉटेल ठरलंय, वीस माणसं. हिचं म्हणणं, "डबा घेऊन यायचं असेल तर मी येतच नाही." कुणी सिलिॲक असून अशा ठिकाणी जेवतं का? नेमकं काय विचारायचं, आणि कुणाला?

निनाद७७
वाचतोय. बायकोच्या मामेभावाला हेच आहे. त्याने बाहेर खाणंच सोडलं. लग्नात फक्त पाणी पितो.

स्पष्टवक्ता
राग मानू नका, पण आमच्या लहानपणी हे ग्लूटेन-बिटेन काही नव्हतं. सगळे पोळ्या खात होते आणि ठणठणीत होते. थोडं थोडं खाऊन सवय करायला हवी. मुलांना फार जपलं की असंच होतं.

रक्ताचे_नमुने
स्पष्टवक्ता, तुमच्या लहानपणी नाव नव्हतं, आजार होता. असली पोरं 'अंगाला लागत नाही' म्हणून ओळखली जायची.

मी चिपळूणला लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही. पण सवय होत नाही एवढं नक्की सांगतो. ही ॲलर्जी नव्हे आणि अपचनही नव्हे. ग्लूटेन आत गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते, ती झिजून सपाट होते. मग लोह, कॅल्शियम शोषायला जागाच उरत नाही. माडाच्या सावलीताईंच्या मुलीचं हिमोग्लोबिन गोळ्यांनी का चढेना ते यात आलं. गव्हाचा संबंध लक्षात आणून दिला डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाने. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेना, आणि हीच आजारी मुलं सुधारायला लागली.

आता 'थोडं थोडं' म्हणजे किती ते पण बघा. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण दोन ग्रॅम ग्लूटेन असतं. २००७ मध्ये इटालियन डॉक्टरांचा एक अभ्यास आला, त्यात सिलिॲकच्या माणसांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन देऊन बघितलं. म्हणजे त्या स्लाइसचा चाळिसावा भाग. तीन महिन्यांत आतड्यावर फरक दिसला. ५० मिलिग्रॅम म्हणजे बोटाला चिकटलेला चुरा. आपल्याकडे आणि बाहेरही 'ग्लूटेन फ्री' म्हणायची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, ती उगीच नाही.

आणि उलटी झाली नाही म्हणजे चाललं, असंही समजू नका. पुष्कळांना बाहेरून काहीच जाणवत नाही, आत काम चालू असतं.

बांद्याचो_बाबल्या
मी डॉक्टर न्हय, पण भांडी माका बरी म्हायत आसत. अकरा वर्षं इटालियन किचनमध्ये काढली, त्यातली सात गोव्यात. सध्या कुठे आहे ते विचारू नका. ताई, तुम्हाला पाण्याबद्दल सांगितलं ते खरं आहे, पण पूर्ण नाही.

पास्ता शिजवायला मोठा बॉयलर असतो. त्यात जाळीच्या सहा टोपल्या. संध्याकाळी पाणी भरतात ते रात्रभर तेच, कमी झालं तर वरून घालायचं. आठ वाजेपर्यंत ते पेजेसारखं पांढरं होतं. तुमचा मक्याचा नाहीतर तांदळाचा पास्ता त्यात उकडला की विषय संपला. पण पुढचं कुणी सांगत नाही. ते पाणी आम्ही फेकत नाही. सॉस पॅनमध्ये आटला की त्याच पाण्याचा एक डाव मारायचा, सॉस बांधून येतो, चकाकतो. शाळेत शिकवतात तसं हे प्रत्येक कुक शिकतो. म्हणजे टोमॅटो सॉसमध्ये गहू नाही हे खरं, पण तुमच्या ताटात येईपर्यंत त्यात तो डाव पडलेला असतो. ग्रिल केलेल्या माशावरच्या लिंबू-बटर सॉसमध्येसुद्धा. तुम्ही पास्ता मागवलेलाच नसतो, तरी पास्त्याचं पाणी येतं.

बाकी जागा पटापट सांगतो. व्हाइट सॉस मैद्याचा. अल्फ्रेडो म्हणजे नुसतं क्रीम आणि चीज असं वाटतं, पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी त्यात व्हाइट सॉस ढकलतात, स्वस्त पडतं. कलामारी म्हणजे माकूल, ती मैद्यात घोळून तळतात आणि फ्रेंच फ्राइज त्याच तेलात. माशाच्या ग्रिलवरच ब्रुस्केटाचा पाव भाजतात. न्योकी बटाट्याची, पण मैद्याशिवाय बांधत नाही. मीटबॉलमध्ये ब्रेडचा चुरा. सॅलडमधून पावाचे तुकडे हाताने वेचून तेच ताट परत पाठवलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. पाठवणारा मीच होतो, नवीन होतो.

पिझ्झ्याच्या बाजूला तर जाऊच नका. ग्लूटेन फ्री बेस पाकिटातून येतो, चांगला असतो, पण तो ठेवतात त्याच पिठाळ ओट्यावर, सरकवतात त्याच लाकडी फावड्याने. शिफ्ट संपली की माझ्या भुवयांवर पीठ असायचं. भट्टी चारशे डिग्री आहे, सगळं जळून जातं, असं कुणी सांगितलं तर हसून सोडा. उष्णतेने ग्लूटेन मरत नाही, ते काय जंतू नव्हेत.

मग खायचं काय? रिसोत्तो मागा, तो भाताचाच. फक्त दोन गोष्टी. एक, स्टॉक, म्हणजे भात ज्यात शिजतो ते रसपाणी, कशाचा? पावडरचा किंवा क्यूबचा असेल तर त्यात गहू असू शकतो, पाकीट वाचायला लावा. दोन, कच्च्या तांदळापासून करायला सांगा. आम्ही दुपारीच अर्धा शिजवून ट्रेमध्ये पसरून ठेवतो आणि ऑर्डर आली की पाच मिनिटांत उडवतो. तो दुपारी कुठल्या चमच्याने ढवळला ते देव जाणे. कच्च्यापासून केला तर वीस मिनिटं लागतात. सात मिनिटांत टेबलावर आला तर समजा.

फोन दुपारी चार ते पाचमध्ये करा. मॅनेजरशी नाही, शेफशी बोलायचंय म्हणून सांगा. त्या वेळी आम्ही चहा पीत असतो, डोकं ठिकाणावर असतं. शनिवारी जाऊ नका. जेवायला पहिल्या टेबलावर बसा, सात वाजता, तेव्हा भांडी धुतलेली असतात.

आणि ग्लूटेन शब्द वापरूच नका. किचनमध्ये पोरं ओडिशाची, नेपाळची, बंगालची. त्यांना सांगा: आटा, मैदा, सूजी, जौ, ब्रेड, काहीच नको, त्याचा चमचा पण नको. हे लगेच कळतं.

माडाची_सावली
बाबल्या, तुमचा प्रतिसाद तीन वेळा वाचला. त्या पाण्याच्या डावाबद्दल मला दोन वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं. मी प्रत्येक ठिकाणी 'पास्ता नको, फक्त मासा द्या' म्हणून मोकळी होत होते.

मालगुंड_ते_मिलान
बाबल्याचा प्रतिसाद वाचून मिलानचं किचन आठवलं. नोकरीसाठी तीन वर्षं तिथे होते, नवऱ्याला सिलिॲक आहे. गंमत म्हणजे ज्या देशाचा पास्ता, तिथेच आम्ही सगळ्यात निवांत बाहेर जेवलो.

तिथे 'सोनो चेलियाको' (मला सिलिॲक आहे) एवढं म्हटलं की वेटर आधी टेबलावरची पावाची टोपली उचलतो. विचारत नाही, उचलतो. मग सीलबंद पाकिटातला पाव आणून समोर फोडतो. १९७९ पासून त्यांची सिलिॲकच्या रुग्णांची संघटना आहे, ती हॉटेलांना शिकवते, तपासते आणि यादी ठेवते. अशी हजारो ठिकाणं आहेत. २००५ च्या कायद्याने तर शाळा, इस्पितळं, सरकारी कँटीन यांनी ग्लूटेनविना जेवण द्यायचं आणि रुग्णाला त्याच्या खास पिठा-पास्त्यासाठी दरमहा ठरावीक रकमेची सवलत, असं ठरलं. आणि २०२३ मध्ये सगळ्या मुलांची चाचणी करायचा कायदा केला. नवरा म्हणायचा, इथे आजारी पडल्यासारखं वाटतच नाही.

तुमच्या त्या 'रव्याचा पास्ता' म्हणणाऱ्या वेटरबद्दल: तो खोटं बोलत नव्हता हो! इटलीत वाळलेला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचाच असावा असा कायदा आहे. रवा गव्हाचाच असतो हे मात्र त्याच्या डोक्यात नव्हतं. आपल्याकडेही किती जणांच्या डोक्यात असतं? उपमा गव्हाचा असतो म्हटलं की माझी सासू अजून दचकते.

शब्दांचे सापळे सांगून ठेवते. मेनूत 'ओर्झो' दिसला तर तो तांदळाच्या दाण्यासारखा दिसणारा पास्ता, गव्हाचा. आणि इटालियनमध्ये ओर्झो म्हणजे जव, त्याची कॉफीसुद्धा मिळते. दोन्ही नकोत. 'फार्रो' म्हणजे गव्हाचाच जुना भाऊ. पिठाच्या पिशवीवर 'झीरो झीरो' लिहिलेलं असतं ते पिठातला कोंडा किती काढलाय त्याचं माप, ग्लूटेन शून्य असा अर्थ नाही. हे शेवटचं एका मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरने मला ठामपणे उलट सांगितलं होतं.

मक्याची पोलेंता चालते. इटलीतल्या लिगुरियाकडे 'फारिनाता' मिळते, ती तर आपली बेसनाची! बेसन, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, मोठ्या तांब्याच्या ताटात भट्टीत भाजायची. जाडसर धिरडंच ते. फक्त पिझ्झाच्या भट्टीतून निघाली नाही ना ते बघायचं.

केळीचं_पान
मी स्वतः सिलिॲक, नऊ वर्षं झाली. रत्नागिरी. एक वेगळं मत मांडते. लोक इटालियन हॉटेलला घाबरतात आणि शेजारच्या मच्छी थाळीत निर्धास्त बसतात. माझा अनुभव उलटा आहे. इटालियन हॉटेलात गहू कुठे आहे ते निदान माहीत असतं. आपल्या थाळीत तो लपून बसतो.

सुरमई फ्राय? रव्यात घोळलेली. 'आमच्याकडे तांदळाचं पीठ' म्हणतात, पण दोन्ही मिसळलेलं असतं, आणि तवा तर एकच. कोंबडी-वडे? वड्याच्या पिठात तांदळाबरोबर गहू घालणारी घरं कितीतरी. मेतकूट? त्यात भाजलेले गहू असतात. आणि हिंग! बाजारातला खड्यासारखा किंवा पुडीतला बांधणी हिंग पुष्कळदा मैद्यात नाहीतर कणकेत मळलेला असतो. डबीच्या मागे बारीक अक्षरात असतं बघा. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो. मी चार वर्षं डाळीला फोडणी देत होते आणि टीटीजी खाली का येत नाही म्हणून डॉक्टर आणि मी एकमेकांकडे बघत होतो.

गिरणीचं तर बोलायलाच नको. आधीच्या बाईचे गहू दळून झाले की त्याच जात्यात माझे तांदूळ. गिरणीवाले काका चांगले, म्हणायचे, "वहिनी, पहिलं मापटंभर बाजूला काढतो ना." मापटंभर काढून दगड धुतला जात नाही. शेवटी घरघंटी घेतली.

निनाद७७
हिंगाचं वाचून स्वयंपाकघरात जाऊन डबी बघून आलो. गव्हाचं पीठ लिहिलंय. मामेभावाला फोन लावतोय.

सावंतवाडीकर
मला सिलिॲक नाही, पण सहा महिने गहू सोडलाय, पोट एकदम हलकं. हॉटेलात मीही 'ग्लूटेन फ्री' मागतो. शेवटी तिरामिसू खातो, तेवढं चालतं.

केळीचं_पान
सावंतवाडीकर, चिडून नाही, पण मनापासून सांगते. तुमच्या त्या तिरामिसूचे पैसे आम्ही भरतो. वेटर बघतो, ग्लूटेन फ्री वाली माणसं शेवटी बिस्किटाचं गोड खातात आणि त्यांना काहीच होत नाही. मग मी गेले की त्याला वाटतं, ही पण तसलीच.

रक्ताचे_नमुने
सावंतवाडीकर, गहू सोडण्याआधी टीटीजी केली होती का? नसेल तर आता केलेली कदाचित निगेटिव्ह येईल, कारण गहू बंद असला की रक्तातली प्रतिपिंडं उतरतात. तपासणी गहू खात असतानाच करायची असते. डॉक्टरांशी बोला, ते सांगतील पुन्हा किती दिवस खायचा ते. स्वतःच्या मनाने नको. आणि हो, 'हॉटेलात जाण्याआधी घ्या' म्हणून एन्झाइमच्या गोळ्या विकतात, त्यांच्या भरवशावर सिलिॲकच्या माणसाने पावाला हात लावू नये.

सावंतवाडीकर
नाही केली. बघतो. (तिरामिसूबद्दल सॉरी.)

स्पष्टवक्ता
हिंगात गहू असतो हे मला खरंच माहीत नव्हतं. पण एक शंका. हॉटेलवाल्यांवर काही बंधन नाही का? पाकिटावर लिहावं लागतं, मग मेनूवर का नाही?

रक्ताचे_नमुने
पाकिटावर ग्लूटेनचं धान्य असेल तर ते लिहिणं सक्तीचं आहे. मेनूवर ॲलर्जीची माहिती देणं एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा किंवा जास्त शाखांच्या साखळी हॉटेलांना बंधनकारक केलंय.  किनाऱ्यावरचं आठ टेबलांचं हॉटेल त्यात येत नाही. तिथे फोनच.

माडाची_सावली
फोन केला! मंगळवारी, सव्वाचारला. लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

आधी दोन ठिकाणी लावला होता, ठरलेलं हॉटेल जमलं नाही तर असावं म्हणून. पहिल्याने माझं वाक्य पुरं व्हायच्या आत "नो प्रॉब्लेम, सगळं होऊन जाईल" म्हटलं. मी आभार मानून ठेवून दिला. दुसऱ्याने सरळ सांगितलं, "ताई, आमचं किचन लहान आहे, सगळीकडे मैदा उडतो, मी जबाबदारी घेणार नाही." या माणसाचा मला इतका आदर वाटला की घरच्यांना म्हटलं, इथे आपण मुलीशिवाय कधीतरी मुद्दाम जाऊ.

मोरजीच्या हॉटेलात शेफ फोनवर आला. ओडिशाचा मुलगा. मी बाबल्याचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. आटा, मैदा, सूजी, जौ. पास्त्याचं पाणी पण नको. तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "पास्ता का पानी आपको किसने बताया?" आणि हसला. नंतर त्यानेच विचारायला सुरुवात केली. मासा चालेल ना? दूध, चीज चालतं ना? वीस माणसांत या एकीचं ताट आधी काढू की सगळ्यांबरोबर? मग म्हणाला, थांबा, स्टॉकची पावडर बघून येतो. पाकीट आणून मला फोनवर एक एक शब्द वाचून दाखवलं. आठवा की नववा शब्द व्हीट. "ये तो नहीं चलेगा, दीदी." मग तोच म्हणाला, कोळंबीची डोकी-सालं असतात, ती उकळून स्टॉक काढतो, छोट्या टोपात.

मला रडूच आलं. दोन वर्षांत हॉटेलवाल्याने मला उलटे प्रश्न विचारले ते हे पहिल्यांदा.

बांद्याचो_बाबल्या
बरो आसा ह्यो चेडो. उलट विचारतो ना, तिथेच बसायचं. जो पहिल्या मिनिटाला हो म्हणतो त्याने ऐकलेलंच नसतं.

शनिवार नाही ना?

माडाची_सावली
नाही, गुरुवार. वाढदिवसाच्या मुलीने तारीख हलवली, न सांगता.

हळदीकुंकू
धागा वाचून एक सांगावंसं वाटलं. ताई, घरी मुलीला पास्ता हवा असेल तर पाकिटं कशाला? आपले शिरवाळे आहेत की. तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात मळायचं, गोळे उकडायचे आणि गरम गरम साच्यातून दाबायचे. इटलीवाल्यांनी पास्ता दाबायला यंत्रं केली, आपल्याकडे लाकडाचा साचा आणि एक दणकट काका. माझ्या सुनेने परवा त्यावर टोमॅटो, लसूण आणि तुळस घालून दिलं, नातवंडांनी ताट चाटून पुसून ठेवलं.

स्पष्टवक्ता
शिरवाळ्यांवर टोमॅटो? नारळाच्या रसाशिवाय शिरवाळे? आता मात्र मी खरंच रागावलो.

हळदीकुंकू
तुम्ही रसाबरोबर खा. कुणी अडवलंय?

माडाची_सावली
वृत्तान्त.

सात वाजता पोचलो. मुलीला टेबलाच्या टोकाला बसवलं, पावाच्या टोपल्या दुसऱ्या टोकाला. वीस माणसं पाव तोडताना चुरा किती उडतो ते तुम्ही कधी बघितलंय का? मी पहिल्यांदाच बघितलं. टेबलावर, मांडीवर, पाण्याच्या ग्लासात. भाचीने टोपल्याच उचलून दिल्या परत.

रिसोत्तो चोवीस मिनिटांनी आला. मी घड्याळ लावलं होतं, नवरा हसत होता. वरून झाकण ठेवलेलं ताट, आणि वेटर नाही, तो मुलगा स्वतः घेऊन आला. एप्रन बदलून आला होता, हे मला नंतर कळलं. कोळंबीचा वास आमच्या आमटीसारखा आणि तरी वेगळाच. पोरीने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघितलंच नाही. गेली दोन वर्षं बाहेर पहिला घास घेतला की ती माझ्या तोंडाकडे बघायची.

सगळंच सुरळीत झालं नाही. पन्ना कोत्ता (क्रीमचं थंड गोड) सांगितला होता, तो चालतो. आला तो वर बिस्किटाचा चुरा पेरून. गोडाच्या काउंटरवर दुसरी मुलगी होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं. वेटर म्हणाला, "वरचा काढून देतो." पूर्वीची मी असते तर चमच्याने खरवडून दिला असता. या वेळी कन्या स्वतःच म्हणाली, "नहीं भैया, नया चाहिए. उसी चम्मच से नहीं." आवाज चढवला नाही, माफीही मागितली नाही. नवीन आला.

बांदा ओलांडला. सावंतवाडी आली, गेली. झारापला मी मागे वळून बघितलं तर ती झोपलेली.

पुढची टीटीजी तीन महिन्यांनी आहे, आकडा इथे टाकीन.

केळीचं_पान
टाका नक्की. आणि हॉटेलचं नाव विपुत (माझ्या विचारपुशीत) कळवा. मे महिन्यात बहीण येतेय.

बांद्याचो_बाबल्या
नाव कळवा, पण फोन पुन्हा करायला सांगा. आमच्या धंद्यात पोरं सीझनला येतात आणि पावसात गावी जातात. तो मुलगा ऑक्टोबरात तिथे असेलच असं नाही.

माडाची_सावली
हो, हे लक्षात ठेवीन.

हळदीकुंकू, तुमच्या शिरवाळ्यांचं घरी वाचून दाखवलं. आता मागणी आलीय. आईकडचा साचा वाळवीने खाल्ला. कुणाकडे जादा आहे का?

हळदीकुंकू
आमच्याकडे दोन आहेत. एकाचा पाय डगमगतो, पण दाबायला कुणी जड माणूस असेल तर चालेल. त्यातून गव्हाच्या शेवया कधी काढल्या नाहीत, हे सासूबाईंना विचारून मग सांगते.